कोणाला थांबायचं असेल तर

ग्रानसेले, ९ मे १९७८

प्रिय आर्विद,

तुझं ईस्टरचं कार्ड पोचलं. एक पिवळी कोंबडी आणि खाली 'सर्व क्षेम, आर्विद'. दरवर्षी तेच शब्द येतात, कोंबडी तेवढी वेगळी असते. यंदाची जरा लठ्ठ होती.

इथे नदीवरचा बर्फ परवा फुटला. माझा नवरा, एव्हर्ट, असता तर पुलावर जाऊन उभा राहिला असता. तो गेल्यापासून मी ते खिडकीतूनच बघते. तीन जिने उतरायचे म्हणजे पुन्हा चढायचे आले. समाजकल्याणच्या बाई येऊन गेल्या. गावाच्या टोकाला वृद्धाश्रम आहे, तिथे एक खोली रिकामी होते आहे, म्हणे. जूनअखेर सांगा, म्हणाल्या. मी म्हटलं, बघू.

खरं कारण लिहिण्याचं वेगळंच आहे. परवा रेडिओवर स्मोलंडच्या गढ्यांबद्दल सांगत होते आणि मध्येच आपल्या गढीचं नाव, 'आल्मेरिड', ऐकू आलं. दर रविवारी लोकांना उघडी असते आणि मालक स्वतः हिंडून दाखवतात! मी हातातली बशी खाली ठेवली. पाहुणे आले की तबेल्यात जाऊन लपणारा आमचा आर्विद आता तिकीट लावून माणसं घरात घेतो? आई हे ऐकती तर मटकन खालीच बसती.

मला एकदा बघायची आहे रे. आईला पोचवायला आले होते तीच शेवटची. आपलं भांडण असं कधी झालंच नाही. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. सगळं थोरल्याला, हा घराण्याचा रिवाज. त्याचं मला वाईट वाटलं नाही, खरंच नाही. पण सारखी येत राहिले असते तर लोक म्हणाले असते, आली बघा वाटा मागायला. म्हणून आले नाही, आणि मग न येण्याचीच सवय झाली.

तळ्याकडच्या खोलीतली फरशांची उंच शेगडी अजून पेट धरते का? आपलं सहज विचारलं.

माझ्यासाठी काही करू नकोस. आले तर आले. अक्षर मोठं आलंय, पेन जाड आहे म्हणून.

तुझी बहीण,
टीरा


आल्मेरिड, २० मे १९७८

प्रिय टीरा,

हे पत्र टाइपच्या यंत्रावर बडवतो आहे. कचेरीतून आल्यासारखं वाटेल, पण मला आता असंच सोयीचं पडतं.

तू ऐकलंस ते खरं आहे. माणसं येतात. नेश्योहून येतात, योनशोपिंगहून येतात, एकदा तर एक जर्मन कुटुंब आलं होतं. त्यांनी मलाच विचारलं, मालक कधी भेटतील? मी म्हटलं, मालक जरा भिडस्त आहेत. लोकांना पणजोबांच्या तसबिरी नको असतात. त्यांना हवं असतं की थंडीत तापवता कसं आणि भूत आहे का. तापवत नाही, असं मी सांगतो. डिसेंबर ते मार्च मी स्वयंपाकघरात आणि शेजारच्या खोलीत राहतो. बाकीच्या खोल्यांत बादलीतलं पाणी गोठतं. भूत असतं तर तेही माझ्याबरोबर स्वयंपाकघरातच झोपलं असतं.

दारावर मायकेन बसते. पूर्वी गावात टपाल वाटायची, आता माझं सगळं तीच बघते. तिच्या जिभेला हाड नाही. छप्पर गळतं तिथे तिने टोप मांडून ठेवलेत, आणि लोकांना म्हणते, 'ही साहेबांची वाद्यं.'

शेगडी उत्तम धरते. मागच्याच वर्षी धुराडं साफ करून घेतलं.

तू केव्हाही ये. रविवारी एक वाजता फेरी सुरू होते, छापील पत्रक सोबत घातलं आहे. आधी कळवायलाच हवं असं मुळीच नाही. तुला मोकळेपणाने बघता यावं, एवढंच मला वाटतं. मलाही जूनअखेर एका गोष्टीचं उत्तर द्यायचं आहे, पण ते कागदी काम आहे, तुला कंटाळा येईल.

तुझा,
आर्विद


ग्रानसेले, ५ जून १९७८

प्रिय आर्विद,

पत्रक मिळालं. छपाई सुबक आहे.

१८ तारखेच्या रविवारी येईन म्हणते. जमलं तर. स्टेशनावर कोणी यायला नको, बस आहे. पायमोजे आणि स्वतःच्या चादरी घेऊनच निघते आहे, म्हणजे कुठेही उतरावं लागलं तर कोणाला भार नको.

टीरा


ग्रानसेले, २१ जून १९७८

प्रिय आर्विद,

घरी सुखरूप पोचले. रविवारच्या फेरीबद्दल मनापासून आभार. फार माहितीपूर्ण झाली.

तुझ्या मायकेनने मला तिकीट दिलं आणि जोड्यांवरून चढवायला कापडी सपाता दिल्या. 'जमीन जुनी आहे, आजी, तुमच्यापेक्षा,' म्हणाली. मी म्हटलं, या जमिनीवर मी रांगले आहे. मनात म्हटलं. उघड म्हटलं, 'हो का?'

तू कमानीखाली उभा होतास. आवाज बाबांचा झालाय तुझा. उभा पण तसाच होतास, हात पाठीमागे बांधून, जहागिरदारासारखा. बाबा तसे उभे राहिले की आपण काय समजायचो, आठवतं ना? की आज काही मागायचं नाही. मी पुढे आले होते. तू 'नमस्कार, सर्वांचं स्वागत' म्हणालास आणि वळलास. हात पुढे केला नाहीस.

तरी मला वाटलं, आत गेल्यावर म्हणेल. दिवाणखान्यात म्हणेल. शिकारीच्या खोलीत म्हणेल. नेश्योच्या त्या बाई माझ्या कानाशी सारख्या कुजबुजत होत्या, 'एवढ्या खिडक्या आणि पुसतं कोण हो?' आणि त्यांचा नवरा म्हणत होता, 'गप गं, ऐकू जाईल.' मी त्यांच्यामागून चालत राहिले. आपल्या निजायच्या खोलीपाशी आल्यावर तू म्हणालास, 'इथे एरवी दोरी बांधलेली असते, आज काढली आहे. ज्यांना आत जायचं त्यांनी जरूर जावं.' झालं! मेंढरं कोंडवाड्यात शिरावीत तशी सगळी आत घुसली. माझ्या पलंगावर कुणाचं तरी पोर बसलं. मी उंबऱ्याबाहेरच राहिले.

आणि शेवटी जेवणाच्या दालनात तू सगळ्यांना उद्देशून म्हणालास, 'कोणाला थांबायचं असेल तर स्वयंपाकघरात कॉफी आहे.' नेश्योच्या बाई म्हणाल्या, 'छे छे, तुम्हाला कशाला त्रास?' आणि सपाता काढायला बसल्या. आई काय म्हणायची? पहिल्यांदा बोलावलं की नाही म्हणायचं, दुसऱ्यांदा बोलावलं की कशाला म्हणायचं, तिसऱ्यांदा बोलावलं की बसायचं. तू एकदाच म्हणालास, तेही तीस माणसांना मिळून. मी सपाता काढल्या, टोपलीत टाकल्या आणि चारची बस धरली.

तू मला ओळखलं नाहीस यात तुझा दोष नाही. एवढ्या वर्षांत माणूस बदलतं. मीच वेडी, म्हातारपणी काय काय मनात घेऊन आले होते.

मंगळवारी मी समाजकल्याणच्या बाईंना होकार कळवला. एक ऑगस्टपासून खोली माझी. घराच्या किल्ल्या द्यायच्या आहेत, त्यामुळे आवराआवर सुरू केली आहे.

पुन्हा एकदा आभार.

टीरा


आल्मेरिड, २८ जून १९७८

प्रिय टीरा,

तुझं पत्र मी उभ्याने वाचलं आणि मग खाली बसलो.

मी तुला ओळखलं नाही? अगं, तू फाटकातून आत आलीस तेव्हाच ओळखलं. अजून तशीच चालतेस, कोणावर तरी चिडून निघाल्यासारखी. मी कमानीखाली उभाच तुझ्यासाठी होतो, एरवी मी आतून येतो. तू पुढे आलीस, माझ्याकडे तोंड केलंस आणि माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत राहिलीस. ना हसू, ना ओळख. मला वाटलं, हिला लोकांदेखत तमाशा नको आहे. तिकीट काढून आली आहे, म्हणजे हिला गुपचूप, आपल्या मनाने बघायचं आहे. तिला आपण आपल्या मनासारखं बघू द्यावं, मध्ये तोंड घालू नये. एवढी तरी रीत मला कळते, असं मी स्वतःला म्हणालो. त्या रीतीला आग लागो.

दोरी कोणासाठी काढली होती? इतक्या वर्षांत ती कधी काढलेली नाही. ती मेंढरं आत शिरली तेव्हा मला त्यांना चाबकाने बाहेर काढावंसं वाटलं. आणि कॉफी! स्वयंपाकघरात दोनच कप मांडले होते, वेलदोड्याचे बन होते, तळ्याकडच्या खोलीत शेगडी सकाळपासून पेटवलेली होती. जूनमध्ये! मायकेन म्हणाली, 'साहेब, भाजून निघाल.' नेश्योच्या बाई थांबल्या असत्या तर माझी पंचाईतच होती. मी बोललो सगळ्यांशी, पण बघत तुझ्याकडे होतो. तू सपाता काढायला वाकलीस. मग मी काय करायचं होतं, तुझ्या बाहीला धरायचं? हो, धरायचंच होतं. आता कळतं.

पण बाही धरणार कशाने? हात पाठीमागे बांधले होते ते जहागिरी म्हणून नव्हे. माझे हात थरथरतात, टीरा. दोन वर्षं झाली. हे यंत्र त्यासाठीच घेतलं, तेही एकेक कळ शोधून मारतो. मायकेन माझी दाढी करते आणि सदऱ्याची बटणं लावते. तीस लोकांसमोर कप हातात घेतला तर अर्धी कॉफी जमिनीला जाते. लोकांपुढे मी हात मागेच ठेवतो, आणि तुझ्यापुढे तर मुद्दाम ठेवले.

आता पुढचं लिहायचं ते लिहवत नाही, पण लिहितो. एका विमा कंपनीला आल्मेरिड हवी होती, कर्मचाऱ्यांची शिबिरं भरवायला. जूनअखेर उत्तर द्यायचं होतं ते हेच. मी थांबलो होतो. म्हटलं, टीरा येऊन जाऊ दे. तिने शेगडीचं विचारलं आहे, उगाच नसेल विचारलं. ती एका शब्दाने जरी म्हणाली की मला इथे राहायचं आहे, तर कंपनी गेली खड्ड्यात. गळकं छप्पर असलं तरी दोघांना पुरतील एवढ्या खोल्या कोरड्या आहेत. तू न बोलता बसमध्ये बसलीस. मी खिडकीतून बघितलं.

सोमवारी, तुझं पत्र यायच्या आधीच, मी सही केली. वाकडीतिकडी आली. त्यांचा माणूस म्हणाला, 'चालेल.'

एक ऑक्टोबरला ताबा आहे. तोवर तरी ये. उन्हाळा अजून पुष्कळ आहे.

आर्विद


ग्रानसेले, ६ जुलै १९७८

आर्विद, अरे आर्विद,

मी तुझ्या कानाच्या बाजूला बघत होते, कारण मला समोरचं दिसतच नाही!

डोळ्यांच्या मधोमध काळा डाग आहे. गेल्या वर्षी सुपारीएवढा होता, आता बशीएवढा झालाय. ज्याच्याकडे सरळ बघावं तेच नाहीसं होतं. म्हणून मी बाजूला बघते आणि कडेकडेने काय सापडेल ते वेचते. त्या दिवशी मला तुझे खांदे दिसले, मागे गेलेले हात दिसले. तोंड दिसलं नाही. तू माझ्याकडे बघत होतास हे मला कसं कळणार? मी तुझ्या आवाजात ओळख शोधत होते आणि तू मला एक हजार सहाशे अमुक सालचं छत समजावून सांगत होतास.

जाड पेन, जाड पेन! खोटं होतं ते. दिसत नाही म्हणून अक्षर मोठं काढते. तुझी पत्रं भिंग लावून, एकेक शब्द कोपऱ्यात पकडून वाचते. ही बातमी वाचायला मला दोन दिवस लागले, आणि 'सही केली' हे शब्द येईपर्यंत मी हसत होते, दोन कपांवर.

मला राग आलाय. तुझाही आणि माझाही. 'केव्हाही ये' असं कोणी बहिणीला लिहितं का? केव्हाही म्हणजे कधीच नाही! 'ये गं, मी एकटा आहे, हात चालत नाहीत' असं लिहायला काय झालं होतं? आणि मी तरी काय शहाणी? शेगडी धरते का, म्हणे! शेगडी! मला राहायला यायचं होतं रे. त्या चादरी त्यासाठीच घेतल्या होत्या. पेटी स्टेशनवर ठेवून आले होते, गढीत पेटीसकट शिरले तर तुझ्यावर बळजबरी होईल म्हणून. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. आपण दोघं त्या भिडेपायी रस्त्यावर आलो.

आंधळी आणि थरथऱ्या! काय जोडी जमली असती. तू वाचून दाखवलं असतंस, मी तुझी बटणं लावली असती. बटणांना डोळे लागत नाहीत.

तिकडे आता येता येत नाही. परतीच्या वाटेवर गाडी बदलताना पायरी दिसली नाही आणि घोटा गेला. तेव्हा लिहिलं नव्हतं. पाय पाटावर घेऊन बसले आहे. आणि कंपनीला दिलेला शब्द तू मागे घेऊ शकत नाहीस, ते मला कळतं. इथे मीही घर सोडल्याचं लिहून दिलं आहे, नवं कुटुंब पडद्यांची मापं घेऊन गेलं.

पण काही सुचलं तर सांग. आता न लाजता सांग. मीही लाजणार नाही.

टीरा


आल्मेरिड, २ ऑगस्ट १९७८

प्रिय टीरा,

महिनाभर धावपळ केली, म्हणून उशीर.

आधी कंपनीच्या माणसाला भेटलो. म्हटलं, गढी घ्या, माळ्याचं घरकुल तेवढं आम्हा दोघांना हयातीपुरतं राहू द्या. रुंद टायवाला पोरगा, स्वभावाने चांगला आहे. म्हणाला, 'काका, तिथे वाफेचं न्हाणीघर यायचंय.' मायकेन मागून म्हणाली, 'मग यांनाच उकडा आत.'

मग आमच्या नगरपालिकेत गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, तुम्हाला आम्ही जागा देऊ, पण बहीण दुसऱ्या नगरपालिकेची आहे. आपापले म्हातारे आपापल्याकडे. मी म्हटलं, मग मी तिच्याकडे जातो. त्या म्हणाल्या, तिकडे तुम्ही दुसऱ्या नगरपालिकेचे.

तेव्हा आता दोघांनाही विचारायचं नाही असं ठरवलं. गावात लोकरीच्या दुकानाशेजारी तळमजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. एक पायरीसुद्धा नाही. रेडिएटर आहे, नुसतं चाक फिरवलं की ऊब. मायकेन सकाळी येईल आणि संध्याकाळी येईल. मधल्या वेळात आपण दोघं एकमेकांना पुरू. सामानाचा लिलाव झाला, पण तुझा पलंग मी दिला नाही. तो आधीच तिकडे नेऊन ठेवला आहे.

एक ऑक्टोबरला मी स्वतः न्यायला येतो. गाडीत हात थरथरले तर थरथरू दे, लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

ये. ये गं. ये. घे, तीनदा म्हटलं, आता बस.

आर्विद


ग्रानसेले, ४ सप्टेंबर १९७८

प्रिय आर्विद,

मी सांगते आहे आणि मोना लिहिते आहे. मोना इथे वृद्धाश्रमात कामाला आहे, चांगली मुलगी आहे, तिच्या अक्षराला नावं ठेवू नकोस, मला ते दिसत नाही. कडेचं जे दिसत होतं तेही ऑगस्टमध्ये गेलं. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

तुझं पत्र जेवणाच्या टेबलावर वाचलं गेलं, कारण टपाल तिथेच वाटतात. मोनाला काय ठाऊक, तिने मोठ्याने वाचलं. 'ये, ये गं, ये' झाल्यावर सगळ्यांचे चमचे थांबले. आता समोरचे दोन म्हातारे मी दाराशी आले की 'ये गं, ये' म्हणतात आणि हसतात. त्यांच्या मनात वाईट नाही. त्यांना दिवसभर दुसरं काही नसतं.

मी यायचं ठरवलं होतं, आर्विद. इथल्या मुख्य बाईंना सांगितलंही, की चालले मी. त्या म्हणाल्या, जा, पण खोली राखून ठेवता येणार नाही. मी म्हटलं, नका ठेवू. मग मलाच वाटलं, जाण्याआधी आपली आपण परीक्षा घ्यावी. आठवडाभर कोणाची मदत घ्यायची नाही. कपडे माझे मी घातले, उलटे का होईना. तिसऱ्या दिवशी कॉफी ओतायला गेले आणि हातावर ओतली. पाचव्या दिवशी न्हाणीघराचं दार समजून जिन्याचं उघडलं. मोनाने मागून कंबरेला मिठी मारली म्हणून मी हे पत्र सांगायला आहे. ती लिहीत नाहीये. लिही गं, लिही, जसं झालं तसं लिही.

तिथे मागून कोण धरेल? तू धरशील, त्या हातांनी, आणि दोघं पडू. मायकेन येईपर्यंत पडून राहू. मला आता न्हाऊ घालावं लागतं, ताटातलं कुठे काय आहे ते सांगावं लागतं. भावाकडून ते करून घ्यायला मी तयार झाले असते, पण तुला जमणार नाही आणि ते न जमल्याचं दुःख तू बोलून दाखवणार नाहीस. मी तुला ओळखते.

तिसऱ्यांदा बोलावल्यावर बसायचं असतं. तू बोलावलंस. मीच येऊ शकत नाही. हे आपल्याला कोणी शिकवलेलं नाही, की तेव्हा काय म्हणायचं.

माझा पलंग विकू नकोस. किंवा वीक, जागा अडत असेल तर.

आणि एक मागणं. यापुढे हवापाण्याचं लिहीत जा. बाकीचं लिहू नकोस. चार लोकांत वाचलं जातं, मग मला दिवसभर तोंड सरळ ठेवावं लागतं आणि ते सरळ आहे का हे मला आरशात बघता येत नाही. तळ्याचं लिही, झाडांचं लिही. मला पुरेल.

टीरा


आल्मेरिड, १७ सप्टेंबर १९७८

प्रिय टीरा,

आता यंत्राच्या कळाही सापडत नाहीत. म्हणून मी सांगतो आहे आणि मायकेन लिहिते आहे.

इथे गुरुवारी पहाटे पहिलं दव गोठलं. डेलियाची फुलं एका रात्रीत काळी पडली. तळं दुपारपर्यंत धुक्यात असतं, मग पलीकडचा काठ दिसतो. सफरचंदं यंदा लवकर पिकली. उतरवायला माणूस नाही, म्हणून खाली पडतात ती हरणं खातात. मॅपल पिवळा झाला आहे, ओक अजून हिरवाच आहे.

आज सकाळी पाऊस येऊन गेला. वारा दक्षिणेचा आहे, ढग सगळे उत्तरेकडे निघालेत. रेडिओ म्हणतो, मंगळवारपर्यंत तुमच्याकडे पोचतील. खिडकी लावून घ्यायला सांग.

आर्विद

मोनाताई, हे खालचं त्यांना वाचून दाखवू नका. मी मायकेन. साहेब सकाळपासून पत्र सांगताहेत, आता दुपार कलली. सहा पानं झाली होती. मग त्यांनी सगळं परत वाचायला लावलं आणि म्हणाले, हवापाण्याचं तेवढं ठेव, बाकीचं चुलीत घाल. मी म्हटलं, साहेब, एवढं मी लिहिलंय, माझा हात मोडला. ते म्हणाले, तिने सांगितलंय तसं करायचं. मी घातलं.